दोघांसाठी पेट्रोलची कॅम्पर व्हॅन: इंजिनाच्या आधी वजन ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही दोघं साठीच्या आसपास, राहायला डोंबिवलीत. नोकरी संपली. आता दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने आणि जमलं तर पुढे कन्याकुमारीपर्यंत जायचं आहे. झोपणं गाडीत, सकाळचा चहा गाडीत. सगळं मिळून दहा लाखांच्या आत बसवायचं. डिझेल नको, पेट्रोलच हवं. मेव्हण्यांची ईको एकदा चालवून बघितलीत, ती बरी वाटली, पण लांबच्या प्रवासाला तिचं इंजिन पुरेल का ही शंका आहे. आणि टपावर एसी बसेल का, हे शेवटी विचारलंत.

माझं गॅरेज चिपळूणजवळ आहे. गाड्यांच्या कामात बावीस वर्षं झाली, आणि गेल्या आठेक वर्षांत चौदा गाड्या झोपण्याजोग्या करून दिल्या. त्यातल्या नऊ पेट्रोलच्या होत्या. त्या नऊ गाड्यांवरून एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. इंजिन कुठलं हा प्रश्न दुसरा आहे. आधी त्या इंजिनावर तुम्ही किती किलो लादणार ते ठरवा. मेव्हण्यांची ईको तुम्ही रिकामी चालवलीत. कॅम्पर झालेली ईको वेगळीच गाडी असते.

आधी बाजारात काय मिळतं ते बघू, कारण इथे निवड मुळातच थोडी आहे. परदेशी व्हिडिओत दिसणाऱ्या फोर्ड ट्रान्झिट किंवा रॅम प्रोमास्टर या अमेरिकेत पेट्रोलवर चालतात, साडेतीन लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरचं इंजिन असतं. त्यांची व्हिडिओतली मापं डोळ्यांसमोर ठेवून इथली गाडी निवडायला गेलं की घोटाळा होतो. आपल्याकडे आत उभं राहता येईल अशा उंचीच्या व्हॅन म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया, टाटा विंगर, आणि यांतली पेट्रोलची एकही नाही. म्हणजे पेट्रोल म्हटलं की आत उभं राहणं सोडून द्यावं लागतं. हे आधी मनाशी नीट मान्य करा, वहिनींशीही बोला. कंबर वाकवून कपडे बदलणं दोन दिवस चालतं, वीस दिवस चालेल का ते तुम्हा दोघांनाच ठरवायचं आहे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर माझं उत्तर इथेच बदलतं: मग डिझेलची उंच गाडी भाड्याने घ्या, विकत काहीच घेऊ नका.

पेट्रोलमध्ये उरतात मुख्यतः दोन. मारुती ईको आणि अर्टिगा. सुपर कॅरीसारख्या पेट्रोल टेम्पोवर मागे खोली बांधून घेणारे लोक आहेत, पण ती मालवाहू नोंदणीची गाडी, तिला कागदपत्रांचा व्याप मोठा. दोघांच्या हौसेसाठी मी तो मार्ग सुचवत नाही.

ईकोमध्ये १,१९७ सीसीचं इंजिन, ताकद ८० पीएसच्या आसपास, लांबी ३,६७५ मिलिमीटर. मागच्या चाकांना गती, इंजिन पुढच्या सीटच्या खाली. अर्टिगाचं इंजिन दीड लिटरचं, चालवायला कितीतरी आरामशीर, हायवेवर शांत, पण गती पुढच्या चाकांना आणि टप उतरता. लांबच लांब हायवे कापायचा असेल तर अर्टिगा. रोज पाच-पन्नास किलोमीटर जाऊन कुठेतरी थांबायचं, खाड्या ओलांडायच्या, गावातल्या गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, अरुंद रस्त्यांत शिरायचं असेल तर ईको. तुमच्या यादीत केळशी, आंजर्ले, हेदवी, आडिवरे अशी गावं आहेत. तिथे अर्ध्या फुटाची रुंदीसुद्धा कामी येते.

आता वजनाकडे येतो, आणि इथे जरा थांबतो.

२०१९ च्या दिवाळीनंतर एक शिक्षक दाम्पत्य त्यांची ईको घेऊन माझ्याकडे आलं. आतलं काम दुसरीकडे करून घेतलेलं. सुतारकाम देखणं, कपाटांना सनमायका, छताला लाकडी पट्ट्या. तक्रार एवढीच की कुंभार्ली घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्येही चढत नाही आणि क्लच जळाल्याचा वास येतो. क्लच प्लेट मी बदलून देऊ शकलो असतो, पण ती पुन्हा जळाली असती. दोघांना गाडीत बसवलं आणि चिऱ्याचे ट्रक जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर गाडी नेली. आकडा आला १,६९० किलो. ईकोचं रिकामं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि माणसांसकट सगळं धरून गाडी पेलते ती दीड टनाच्या आसपास. म्हणजे ती माणसं घाट चढताना जवळजवळ दोन क्विंटल जास्तीचं ओझं ओढत होती. मग नुसती मागची चाकं काट्यावर घेतली, तर जास्तीचं बहुतेक सगळं तिथेच होतं. मागून बघितलं की गाडी कंबरेत बसलेली दिसत होती.

दोन दिवस आम्ही तिघांनी मिळून गाडी उतरवली. १८ एमएमच्या प्लायची एक पूर्ण शीट तीस-बत्तीस किलोची असते, अशा साडेचार शीट लागल्या होत्या. त्याजागी १२ एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याने न सुटणारा, प्लाय तीन शीटमध्ये बसवला. घरच्या इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या, पन्नास-पन्नास किलोच्या. त्या काढून शंभर अँपिअर-अवरची एक लिथियम घातली, तिचं वजन बारा-तेरा किलो. शंभर लिटरची पाण्याची टाकी काढून वीस लिटरचे दोन कॅन ठेवले. टपावरचा लोखंडी कॅरिअर गेला. पुन्हा काटा केला तेव्हा १,४३० किलो. क्लच मग बदलला, आणि तीच गाडी कुंभार्लीत दुसऱ्या गिअरमध्ये वासाशिवाय चढली. त्या बाईंनी पाटणला पोचून फोन केला होता, त्यांचा आवाज अजून आठवतो.

असं का होतं ते समजून घेतलंत तर पुढचे सगळे निर्णय तुमचे तुम्ही घ्याल. ईकोच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०४ न्यूटन-मीटर, आणि तो पूर्ण मिळतो ३,००० आरपीएमला. ट्रॅव्हलरचं २.६ लिटरचं टर्बो डिझेल ३५० न्यूटन-मीटर देतं, तेही दीड हजाराच्या आतच. टर्बो हवा आत कोंबतो म्हणून डिझेल कमी फेऱ्यांवरच जोर लावतं. साध्या पेट्रोल इंजिनाला जोर हवा तर ते फिरवावंच लागतं. म्हणून भरलेली पेट्रोल व्हॅन घाटात वरच्या गिअरमध्ये रेटू नका. इंजिन गुरगुरायला किंवा टकटक वाजायला लागण्याआधीच गिअर उतरवा, इंजिनाचा आवाज वाढला तरी वाढू दे. डिझेल चालवून हात बसलेल्या माणसांना तो आवाज खटकतो आणि ते गिअर वर टाकतात, तिथेच नुकसान होतं. उतरतानाही तसंच, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ईकोला मागे ड्रम ब्रेक आहेत, आंबा किंवा गगनबावड्याकडून भरल्या गाडीने नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून बोथट होतात.

‘पेट्रोल महाग पडेल का’ असंही तुम्ही विचारलंत. समान वजनाच्या दोन गाड्या असत्या तर हो, डिझेल स्वस्त पडतं. पण इथे तुलना छोट्या पेट्रोलची मोठ्या डिझेलशी आहे. ईकोचा कागदावरचा आकडा लिटरला १९.७१ किलोमीटर आहे, भरून, घाटांसकट मी तेराच धरतो. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरलात तर सहाशे पंधरा लिटर. ट्रॅव्हलरच्या घराला दहाच्या आसपास धरलं तर आठशे लिटर. शिवाय वर्षातले आठ महिने गाडी उभी राहणार असेल तर बीएस-६ डिझेलचा काजळीचा फिल्टर त्रास देतो. त्याला अधूनमधून सलग लांब पल्ल्याची धाव लागते, ती मिळाली नाही की तो तुंबतो. तुमच्या वापराला पेट्रोल योग्य आहे, त्याबद्दल मनात किंतु ठेवू नका. फक्त टाकी ३२ लिटरची आहे. मुंबई–गोवा हायवेला पंप भरपूर, पण रेवस–रेडी सागरी महामार्गावर गावागावांत पंप नाहीत आणि जे आहेत त्यातले काही रात्री लवकर बंद होतात. टाकी अर्ध्यावर आली की भरा. आणि पेट्रोलचा कॅन कधीही आत ठेवू नका. डिझेलला पेट घ्यायला उष्णता लागते, पेट्रोलची वाफ मात्र रोजच्या हवेतही पेटती असते, हवेपेक्षा जड असते, आणि तुम्ही झोपता त्या फळीखाली साठते.

सीएनजीचा विचारही सोडा. टाकी नेमकी बिछान्याच्या जागेत येते.

मागच्या चाकांची गती मी ईकोच्या बाजूने का मोजतो ते सांगतो. सागरी मार्गाने जाताना आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतील. आमच्याकडे तिला जंगलजेटी म्हणतात. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो आणि त्यावर हिरवं शेवाळ असतं. बोटीतून चढून वर येताना वजन मागे सरकतं. बिछाना, पाणी, बॅटरी सगळं आधीच मागे. पुढच्या चाकांची गाडी असेल तर नेमकी गती देणारी चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरतात. धोपाव्याच्या धक्क्यावर एका भरलेल्या अर्टिगाला चार खलाशी ढकलताना मी पाहिलं आहे. ईको तिथे पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, सावकाश चढते. पण मागून बसलेली असेल तर बोटीची फळी संपते तिथे सायलेन्सर घासतो, म्हणजे गोष्ट पुन्हा वजनावरच येते. आणि वाळूत कुठलीही उतरवू नका. पुळणीवर कडक वाटणारी वाळू भरती फिरली की पातळ होते, ट्रॅक्टर येईपर्यंत खारं पाणी दाराच्या आत येतं. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदीही आहे, आणि ती असलीच पाहिजे.

आता एसी. टपावरचा एसी चालताना साधारण हजार वॅट ओढतो. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी त्यात १,२८० वॅट-अवर असतात. म्हणजे तासाभराचा गारवा. वर तीस किलोचं यंत्र पत्र्याच्या टपावर, त्यासाठी टपाला भोक, आणि आमच्या पावसात ते भोक. नको. त्याऐवजी दोन बाराव्होल्टचे पंखे, पंचवीस वॅटचे. रात्रभर नऊ तास दोन्ही चालले तरी साडेचारशे वॅट-अवर होतात. दिवे आणि मोबाइल धरून पाचशेच्या थोडं वर. बॅटरी दोन रात्री पुरते आणि तिसऱ्या दिवशी चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून डीसी चार्जरने भरते. फ्रिज लावलात तर एकाच रात्रीचा हिशेब उरतो. मी सांगीन, फ्रिज घेऊ नका. मासे रोज ताजे मिळतात, दूध गावात मिळतं.

कोकणात गाडीत झोपताना थंडीचा प्रश्न नाही, हवेचा आहे. युरोपातले लोक भिंतीत जाड कापूस भरतात, ते इथे करू नका. दमट हवा त्यात शिरते आणि पत्रा आतून सडतो. पातळ बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, काळा फोम टपाला चिकटवा, बस्स. दोन्ही बाजूच्या सरकत्या दारांच्या खिडक्यांना बारीक जाळीच्या चौकटी करून घ्या, एका बाजूचा पंखा हवा आत घेईल, दुसऱ्या बाजूचा बाहेर टाकील. चिलटांसाठी जाळी मच्छरदाणीपेक्षा बारीक लागते. गादीखाली सलग प्लाय नको, फटी सोडून पट्ट्या मारा, नाहीतर आठवड्यात गादीच्या खालच्या बाजूला बुरशी दिसेल. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरा. मे महिन्यात गाडीत झोपण्याचा हट्ट धरू नका, रात्री होमस्टेत खोली घ्या.

हा परिच्छेद वहिनींनाही वाचायला द्या. उकडतंय म्हणून रात्री इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी लावून झोपायचं नाही. एकदाही नाही, अर्धा तासही नाही. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. गाडी बीएस-६ असली, तरी सायलेन्सरच्या जोडात एक चीर असली किंवा मागे भिंत असून धूर परत आत येत असला तर झोपेतल्या माणसाला काही कळत नाही, डोकं जड होतं आणि जाग येत नाही. ईकोमध्ये इंजिन सीटखालीच आहे, म्हणजे धुराच्या वाटेला फार अंतर नाही. मी गाडी देताना उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवूनच देतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. शेजारी कुणी जनरेटर लावला असेल तर गाडी हलवा. स्वयंपाकही बाहेर. पाच किलोचं सिलिंडर आणि एक शेगडी, मागचं दार उघडून खाली ठेवायची, वापर झाला की रेग्युलेटर काढायचा. गॅसही पेट्रोलच्या वाफेसारखाच जड, तो जमिनीलगत साठतो.

शौचालय बांधू नका. किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. जेवण तिथे घ्या आणि विचारा, ‘रात्री तुमच्या अंगणात गाडी लावू का, सकाळी न्हाणीघर वापरलं तर चालेल का?’ पैसे आधी ठरवा. मला आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलंय. फक्त माडाखाली गाडी उभी करू नका. नारळ पडला की काच गेली, आणि झावळी पडली तरी पत्रा दबतो.

आता गंज. पुण्याकडची गाडी दहा वर्षांत जितकी गंजते तितकी किनाऱ्यावरची तीन-चार वर्षांत गंजते. खारा वारा पत्र्यावर बसतो, त्यात लाल माती मिसळते, आणि ती ओल धरून ठेवते. पण मी उघडलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यात वाईट गंज समुद्रामुळे आलेला नव्हता, सुताराच्या स्क्रूमुळे आला होता. कपाट पक्कं व्हावं म्हणून तो तळाच्या पत्र्यात पंधरा-वीस स्क्रू मारतो. प्रत्येक भोकाच्या कडेचा रंग गेला, खालून खारं पाणी उडालं, की तिथून पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून तळाला एकही नवं भोक पाडू देऊ नका. सीट आणि पट्टे जिथे मुळात बोल्टने बसतात त्याच जागा धरून बिछान्याची चौकट बसवता येते, मी तशीच करतो. बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, ३०४ ला इथे ठिपके पडतात. बिजागऱ्या पितळी. प्रवासात दर तीन-चार दिवसांनी गाडीच्या पोटाला गोड्या पाण्याचा फवारा मारून घ्या, विशेषतः मागच्या चाकांच्या कमानीच्या आतून आणि दाराखालच्या पोकळीत. त्या पोकळीला खाली लहान भोकं असतात, ती चिखलाने बुजली तर तारेने मोकळी करा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार, त्याचंही सांगतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी चार महिने आमच्या हवेत ठेवलीत तर वरच्या हवेतली ओल पेट्रोलमध्ये उतरते आणि सप्टेंबरात गाडी धक्के देत चालते. टाकी भरून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, जागेवर चालू करून बंद करू नका. ताडपत्री गाडीवर थेट टाकू नका, आतली वाफ कोंडते. गावच्या घरी पडवी असेल तर तिथे, वाऱ्याच्या बाजूला झापांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची, झड. उंदरांसाठी बॉनेट आणि सीटखालच्या वायरी दर वेळी बघा.

कागदपत्रांचं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. टप कापणं, आसनं कायमची काढणं, गाडीची उंची वाढवणं हे त्यात येतं. अपघात झाला तर विमा कंपनी याच गोष्टीकडे बोट दाखवते. म्हणून माझ्या पेट्रोलच्या गाड्यांत सगळं सुटं असतं: घडीचा बिछाना, दोन पेट्या, पट्ट्याने बांधलेली बॅटरी. अर्ध्या तासात बाहेर निघतं आणि गाडी परत पाच माणसांची होते. पाच आसनांची ईकोच घ्या, मागे सामानाची जागा मोकळी मिळते. मागची सीट न काढताच बिछाना कसा बसेल ते बघू, आणि काही काढायचंच झालं तर आधी आरटीओत लेखी विचारा. मोठी, मान्यताप्राप्त मोटर कॅरॅव्हॅन करून घेण्याची वाट वेगळी आहे, राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, पण दहा लाखांत आणि दोघांच्या वापरासाठी ती वाट लांबची.

पैशांचं थोडक्यात: सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, ईको त्यात बसते. नवी गाडी, नोंदणी, विमा मिळून सात लाखांच्या आत यावी. सुट्या पद्धतीचं काम, बॅटरी, चार्जर, पंखे यांना दीड लाख पुरतो. उरलेले टायर, दुरुस्ती आणि पेट्रोलसाठी बाजूला ठेवा.

जुनी घ्यायची असेल तर एका गोष्टीसाठी डोळे उघडे ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, महाडातही त्याच दिवसांत सावित्रीने तेच केलं. शेकडो गाड्या पाण्यात गेल्या, माझ्या गॅरेजातल्या सहा गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या आणि आता कुठेही असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. धुणारा माणूस सगळं धुतो, पण पट्ट्याचा गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात विसरतो, तिथे गाळाची पिवळट रेघ राहते. सीटच्या रुळात बोट फिरवा, बारीक गाळ हाताला लागेल. वायरिंगचा एखादा सॉकेट उघडा, पितळ हिरवं पडलेलं असेल तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

एवढं वाचूनही तुमचा निर्णय ईकोचा असेल तर बुकिंगच्या आधी एक करा. मेव्हण्यांची गाडी दोन दिवसांसाठी मागून घ्या. वीस लिटरचे बारा कॅन पाण्याने भरा, म्हणजे दोनशे चाळीस किलो झाले, तुमच्या सगळ्या संसाराएवढे. ते मागे पट्ट्यांनी घट्ट बांधा, टायरमध्ये भरल्या गाडीसाठीचा दाब ठेवा, तो दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. दोघं बसा आणि कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज चढून या. कुठल्या वळणावर कुठला गिअर लागला ते वहिनींना वहीत लिहायला सांगा. उतरताना ब्रेकचा वास येतो का बघा. खाली आल्यावर कॅन रिकामे करा आणि तोच घाट परत चढा. मग त्या रात्री मागची जागा मोकळी करून, सतरंजी टाकून, दोघंही आत झोपून बघा. सकाळी गिअरची वही आणि बिछान्याची लांबी घेऊन मला कळवा, चौकटीची मापं त्यावरून काढू.